‘निवांत’च्या डबीवरचा माणूस

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहितात. मी तो विसरलेले नाही, गाळलाय.

एकवीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकिटावरचा माझा पत्तासुद्धा असा वळणदार काढलायस की पोस्टमनने विचारलं, कुणाची लग्नपत्रिका आली का? म्हटलं, नाही हो, भावाचं काम निघालंय.

चार पानं लिहिलीस. दोन पानं संग्रहालयाची. तिसऱ्यावर बाबांची खुर्ची, कोट आणि पाइप ‘सुस्थितीत असल्यास’ पाठवण्याची विनंती. चौथ्याच्या तळाशी जागा उरली म्हणून ‘तुझी तब्येत कशी आहे?’ सुस्थितीत आहे.

मला समजलं ते असं. तू जन्मभर तंबाखूच्या डब्यांवर जी चित्रं काढलीस त्यांचं प्रदर्शन भरतंय. दीपस्तंभ, काळवीट, शिडाचं जहाज, दोन शिकारी कुत्रे, सगळे काचेच्या कपाटांत बसणार. आणि मधोमध ‘निवांत’च्या डबीवरची खोली खरीखुरी उभी करायची. तीच खिडकी, खिडकीशी तीच खुर्ची. म्हातारा तेवढा मिळणार नाही, तो मेला. तू आला नव्हतास, पण तुला तार केली होती, तेव्हा माहीत असेलच. फीत मी कापायची, कारण मी त्याची मुलगी.

खुर्ची मिळणार नाही.

मी एवढ्यावरच थांबणार होते. पण तू सोबत त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेचं पहिलं पान जोडलंस. ‘वडिलांच्या मांडीवर बसून कलावंताने पहिली रेघ ओढली. निवांतच्या डबीवरचा प्रेमळ वृद्ध म्हणजे त्या मायेची परतफेड.’ हे वाचलं आणि दूध उतू गेलं ते कळलं नाही.

कुणाची मांडी, धाकट्या? तू अकरा वर्षांचा होतास. शेगडीपुढे बसून बाबांनी तुझी चित्रांची वही सोडवली, टाचण्या काढून बाजूला ठेवल्या, आणि एकेक कागद आत सरकवला. टाकायच्या आधी प्रत्येक कागद नीट बघत होते, हे मला जास्त लागलं होतं. तोंडात पाइप होताच. टाचण्या मात्र डबीत परत ठेवल्या, वाया घालवायच्या नाहीत म्हणून.

त्यांनी आपल्यावर कधी हात उगारला नाही. हे मी स्वतःहून सांगते, कारण लोक तेच विचारतात. बाबा वजनमापं तपासणारे अधिकारी. बाजारात त्यांची सावली दिसली तरी दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. घरात त्यांचं माप वेगळं होतं. चूक झाली की बोलणं बंद. आईने न विचारता पडदे बदलले तर तिच्याशी सात महिने बोलले नाहीत. ती गेल्यावर आपली पाळी. तू विसाव्या वर्षी पिशवी उचललीस आणि सुटलास. शहाणा होतास. मी पंचवीसची होते आणि वेडी होते, एवढंच.

ते वाक्य काढ. खुर्चीचं नंतरही बोलू नकोस.

ताई

---

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तू स्वतः आला नाहीस, बाई पाठवलीस. संग्रहालयातली. मुलगी वाईट नाही. आल्या आल्या चपला काढून नीट भिंतीशी लावल्या, चहा मागितला नाही आणि दिल्यावर नाही म्हटलं नाही. पण तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली ‘निवांत’ची डबी काढली आणि अशी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, की मला वाटलं आता ही तिच्यापुढे हात जोडते की काय.

मी विचारलं, “तू पाइप ओढतेस?”

“छे, मला धुराचा त्रास होतो.”

“मग?”

“या डब्या जमवणाऱ्यांत ओढणारे थोडेच असतात, आजी. तंबाखूची चव कुणालाच आठवत नाही. डबी सगळ्यांना आठवते.”

मग ती समजावत बसली, मला, जणू मी ती डबी आजच बघत होते. हा हिरवा बघा, तळ्याच्या पाण्यासारखा, आठ वेळा छापून आणलेला. ही सोनेरी अक्षरं बोटाला लागतात, पत्रा आतून ठोकून वर आणलाय. पाइपचा धूर कसा वर जातो आणि ‘निवांत’च्या शेवटच्या अक्षराला वळसा घालतो. खिडकीतलं ऊन फक्त खांद्यावर आणि गालावर ठेवलंय, बाकी खोली अंधारात, म्हणून तो म्हातारा जवळचा वाटतो. दुकानात चाळीस डब्या ओळीने असल्या तरी हात याच्याकडेच जायचा. माणूस तंबाखू घ्यायला यायचा आणि दुपारची तासभर फुरसत विकत घेऊन जायचा.

सगळं खरं आहे. मी तुझ्यावर चिडलेय म्हणून डबी वाईट म्हणणार नाही. ती फार सुंदर आहे. सुंदर नसती तर माझं एवढं वाटोळं झालं नसतं.

हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगते, नीट वाच.

तुला ते तीन दिवस आठवत असतील. बाबा तपासणीच्या दौऱ्यावर गेले होते आणि तू सहा वर्षांनी चोरासारखा मागच्या दाराने आलास. कंपनीने तुझी दोन लेबलं नापसंत केली होती, तिसरं गेलं तर नोकरीही जाणार होती. तुला खिडकीतला म्हातारा काढायचा होता आणि समोर बसायला कुणी नव्हतं. मी बाबांचा कोट घालून त्यांच्या खुर्चीत बसले, हातात त्यांचा पाइप. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. संध्याकाळी ते आले. दारातूनच म्हणाले, “खुर्ची दोन बोटं सरकलीय.” मी केर काढल्याचं सांगितलं. त्यांनी हवा हुंगली. टर्पेंटाइनचा वास तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो.

त्यानंतर चौदा महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. टेबलावर चिठ्ठ्या असायच्या. ‘मीठ जास्त.’ ‘दार आठला बंद.’ मी दिवसभर दंतवैद्याच्या मागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या घडवायची आणि संध्याकाळी घरी येऊन चिठ्ठी वाचायची. कधी कधी वाटेत मुद्दाम दुकानदाराला चार गोष्टी जास्त विचारायची, आवाज गंजू नये म्हणून.

मग डबी बाजारात आली. तंबाखूवाल्याने त्यांना दाखवली, “साहेब, हे तर तुम्हीच.” बाबा घरी आले, डबी टेबलावर ठेवली आणि चौदा महिन्यांनंतर पहिलं वाक्य बोलले: “माझे कान एवढे मोठे आहेत का?”

मी हसले रे. मला वाटलं, झालं, सुटलो.

पुढे काय झालं ते ऐक. लोक त्यांना रस्त्यात ओळखायला लागले. ‘निवांत आजोबा’ म्हणायला लागले. ज्यांना बघून दुकानदार तराजू पुसायचे, त्यांच्याकडे पोरं धावत यायला लागली. बाबांनी डबीवर बघून दाढी कापून घेतली. टोपी बदलली. खुर्ची स्वतः फिरवून रस्त्याकडे केली, खिडकी सताड उघडली, आणि रोज चार ते सहा डबीवरच्यासारखे बसायला लागले. गालावर ऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून मान हलवायची. सहा वाजले की खिडकी बंद. खिडकीची कडी पडली की ते हसू, रात्री कवळी काढून पेल्यात ठेवावी तसं, उतरायचं. मग चिठ्ठी. ‘भाकरी जाड.’

एकोणीस वर्षं, धाकट्या. तू त्यांना चेहरा दिलास आणि ते तो बाहेर जाताना घालायचे.

मी चौतिसाची असताना नकाशे कार्यालयातला एक जण माझ्यासाठी आला होता. चांगला होता. हळू बोलायचा, पण बोलायचा, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. त्याला मी घरचं सगळं सांगितलं होतं. तो बाबांना भेटायला आला साडेचारला. मी म्हटलं होतं, सातला ये. तर म्हणाला, भल्या माणसाकडे उजेडी जावं.

बाबांनी त्याला शेजारी बसवलं. स्वतःच्या डबीतली तंबाखू भरून दिली. त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, “माझी कसली हरकत? मी पिकलं पान. तिचं सुख ते माझं सुख. माझं काय, खिडकी आहे, पाइप आहे.”

तो बाहेर आला तो डोळे पुसतच. मला म्हणाला, “अगं, यांना एकटं टाकून तू सुखी होशील? उद्या मलाच दोष देशील.”

मी म्हटलं, “मी तुला चौदा महिन्यांचं सांगितलं होतं ना?”

त्याने खिशातून डबी काढली. त्याच्याही खिशात होती. ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “हा माणूस?”

डबीपुढे माझी साक्ष कोण मानणार? तो पुढे दोन-तीनदा आला, मग येईनासा झाला. त्या संध्याकाळी बाबांनी चिठ्ठी लिहिली नाही. स्वतः बोलले. “बघितलंस? मी नाही म्हटलं का?”

ही तुझी मायेची परतफेड. तुझी बाई डबी कापडात गुंडाळून घेऊन गेली. जाताना म्हणाली, तुम्ही फार भाग्यवान. तिच्यावर ओरडले नाही. तिचा काय दोष, तिलाही तूच फसवलंस.

ताई

---

११ मार्च

धाकट्या,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. ‘ताई, त्या तीन दिवसांतलं एक तू लिहिलं नाहीस. मी तोंड जसं होतं तसं काढलं होतं. हसरं कर असं कोण म्हणालं?’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणून मी कागद चुरगाळला. दोन दिवस तो केराच्या डब्यात होता. तिसऱ्या दिवशी काढून सरळ केला.

मी म्हणाले होते.

घे, मिळालं तुला. आता ऐक, पूर्ण ऐक. तुझ्यासारखं अर्ध्यावर पिशवी उचलून पळायचं नाही.

तू ओठ पट्टीने आखल्यासारखे काढले होतेस. हुबेहूब. इतके हुबेहूब की वाटलं, आता चिठ्ठी सरकवतील. मी म्हटलं, हे कोण विकत घेईल? हसव त्यांना. तू म्हणालास, “मी त्यांना हसताना बघितलंच नाही, कसं काढू?” आणि तुझं खरं होतं. तेव्हा मी तुझ्या हातातली पेन्सिल घेतली. त्यांची कवळी मीच घडवली होती. त्यांचा वरचा ओठ दातांवर कसा बसतो, हसले तर कुठे ताणला जाईल, नाकाशेजारची घडी किती खोल जाईल, हे जगात मला एकटीला माहीत होतं. ती रेघ मी काढली. कडेला जराशी वर. तू वर रंग दिलास.

ज्या हसण्यावर चाळीस वर्षं लोक भाळले ते त्या तोंडावर कधी आलंच नव्हतं. मी मापावरून काढलं होतं. कवळी बनवतात तसं.

तू म्हणशील, मग माझ्यावर का चिडतेस? सांगते. तुझी नोकरी वाचावी म्हणून मी सांगितलं, हे अर्धं खरं. मला ते एकदा हसताना बघायचे होते, हे उरलेलं. ही माझी चूक आहे आणि ती मी चाळीस वर्षं माझ्या टेबलावर भोगली. खरंच टेबलावर. आमचा डॉक्टर मेणाच्या कांड्या ‘निवांत’च्या डबीत ठेवायचा. मी रोज सकाळी ती भिंतीकडे फिरवायची, आणि तो रोज माझ्याकडे फिरवून ठेवायचा, म्हणायचा, “वडिलांकडे पाठ करू नये.”

पण डबी निघाल्यावर तुला मी तीन पत्रं लिहिली होती. पहिल्यात लिहिलं की बाबा बोलायला लागले. दुसऱ्यात खिडकीचं लिहिलं. तिसऱ्यात लिहिलं, मला इथून ने. तू काय पाठवलंस? नव्या छपाईची एक डझन डब्यांची पेटी. ‘या खेपेला हिरवा जास्त खुललाय, बघ.’

मी रेघ ओढली, मान्य. पण मी हाक मारली तेव्हा तू रंग बघत होतास. आणि आता अडुसष्टाव्या वर्षी लोकांना मांडीची गोष्ट सांगतोस. मी खोटं काढलं ते कागदावर. तू ते आमच्या घराचं म्हणून छापतोयस.

खुर्ची देते. कोट आणि पाइपही देते. मला तरी ते धूड घरात कशाला हवंय, एकवीस वर्षं त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतेय. पण मांडीचं वाक्य निघालं नाही तर मी फीत कापायच्या कात्रीने पुस्तिका कापीन, आणि मी ते करीन हे तुला ठाऊक आहे.

ताई

---

८ एप्रिल

धाकट्या,

प्रदर्शनाला आठवडा झाला. तू फोन केलास तो मी उचलला नाही. का, ते सांगायला बसलेय.

मांडीचं वाक्य निघालं होतं. मी सगळ्यात आधी पुस्तिका उघडून तेच बघितलं. त्या जागी तू दुसरं काही लिहिलं नव्हतंस, पान तेवढं कोरं होतं. मला वाटलं, चला, निदान खोटं तरी नाही. फीत कापली. तुझ्या बाजूला उभी राहिले, तुझ्याकडे न बघता. तुझे केस पूर्ण गेलेत हे टाळ्या वाजत असताना तिरक्या डोळ्याने पाहिलं.

मग तू पाहुण्यांत गेलास आणि माझ्याजवळ एक म्हातारी आली, माझ्याच वयाची. तिच्याकडे एक ‘निवांत’ची डबी होती, रंग उडालेली, आत सुया-बटणं वाजत होती. तिने विचारलं, “हे खरंच असे होते?”

मी म्हटलं, “नाही.”

ती जराही दचकली नाही. डबी पिशवीत टाकली आणि म्हणाली, “माझा बापही नव्हता. म्हणून तर जपलीय.”

तेवढं बोलून ती जहाजांच्या कपाटाकडे गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या डबीने सगळ्यांना फसवलं आणि खरं मला एकटीला माहीत आहे.

गर्दी ओसरल्यावर मी त्या उभ्या केलेल्या खोलीत गेले. दिवे असे लावले होते की ऊन बरोबर खुर्चीच्या पाठीवर पडत होतं. मी आत उभी होते आणि तू दाराशी आलास. लहानपणी त्या खोलीत विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. विचारायचं, आणि ते मान हलवतील तोवर उंबऱ्याबाहेर थांबायचं. ही खोली फळ्यांची, तिला उंबरासुद्धा नव्हता, तू स्वतः आखलेली. तरी तू थांबलास. एवढा नामांकित माणूस, गळ्यात फुलं, आणि मला म्हणालास, “ताई, आत येऊ?”

मी तुझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाही.

बोलायला येत नव्हतं असं नाही. पुष्कळ होतं, जिभेवर होतं. पण मला दिसलं की मी गप्प राहिले तर तू तिथेच उभा राहणार. आणि मला ते आवडलं, धाकट्या. तू घसा खाकरलास, एकदा पाय पुढे करून मागे घेतलास. पुन्हा “ताई?” म्हणालास. मी कोटाची बाही सरळ केली, पर्स उचलली आणि तुझ्या बाजूने निघून आले. गाडीत बसले आणि दार जोरात आपटलं. रागाने, असं मी स्वतःला घरापर्यंत सांगत आले.

पुढे सात दिवस फोन वाजत होता. मी समोर बसून तो वाजू दिला. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी वाजणं मोजतेय आणि मला बरं वाटतंय. काल शेजारीण विचारायला आली, बरं नाही का, फोन का घेत नाही? मी तिला एका कागदावर लिहून दिलं, ‘घसा बसलाय.’ घसा बसला नव्हता. ती गेल्यावर तो कागद टेबलावर बघितला. अक्षर माझं होतं, पण कुठेही ठेवला असता तर मी सांगितलं असतं, बाबांची चिठ्ठी.

कागद फाडला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटत नाही आणि जावा असा आग्रहही नाही. तिसऱ्या पत्राचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, बाबांना खांदा द्यायला आला नाहीस, मांडीचं वाक्य लिहिताना तुझा हात आखडला नाही. पण हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचंय, मोठ्या आवाजात, शेजारणीला ऐकू गेलं तरी चालेल. आणि तूही म्हण. मी ती रेघ काढली, ते म्हण. मी तुला पळायला पैसे दिले आणि स्वतः का नाही निघाले, तेही विचार, मला उत्तर येत नाही, पण विचार. आपल्या घरात कुणी कुणावर कधी ओरडलं नाही. लोकांना ते शांत घर वाटायचं.

रविवारी ये. अकराला ये, चारची वाट बघू नकोस. खुर्ची संग्रहालयालाच राहू दे म्हणून त्या मुलीला कळवलंय, तेव्हा खिडकीशी जागा रिकामी आहे, जमिनीवर बसावं लागेल, गुडघ्यांचं तुझं तू बघ. आणि दाराशी उभा राहून विचारत बसू नकोस. सरळ आत ये, मी ओरडायला लागेन, तेव्हा बस.

ताई